केप हॅटरसचा दीपस्तंभ २,९०० फूट मागे का आणि कसा नेला?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्यावरचा केप हॅटरसचा विटांचा दीपस्तंभ १९९९ साली अख्खाच्या अख्खा उचलून मागे नेला, तो नेमका कसा? आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा समोर धूपप्रतिबंधक बंधारा घालून किंवा मुंबईसारखे टेट्रापॉड (चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे) टाकून काम भागलं नसतं का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण पहिला भाग त्यावर उभा आहे. बंधाऱ्याने भागलं नसतं, आणि याचं कारण दीपस्तंभाच्या पायात आहे.

टेट्रापॉड टाकायला खाली जागची न हलणारी जमीन लागते. मुंबईच्या किनाऱ्याला बेसाल्टचा आधार आहे. कुलाब्याच्या टोकापुढचा प्राँग्ज दीपस्तंभ १८७५ पासून खडकावर उभा आहे. भरतीचं पाणी रोज त्याच्या अंगाला लागतं, पण खडक कुठे जात नाही. हॅटरसला असा खडकच नाही. ‘आउटर बँक्स’ म्हणतात ती वाळूच्या चिंचोळ्या बेटांची रांग आहे. एका अंगाला अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगाला पाम्लिको साउंड ही उथळ खाडी. मोठ्या वादळात लाटा बेटावरून आरपार जातात, समुद्राकडची वाळू उचलतात आणि खाडीकडे नेऊन टाकतात. समोरची कड झिजते, मागची कड भरते. चटई एका टोकाने गुंडाळत पुढे ढकलावी तसं हे अख्खं बेट निदान गेली १०,००० वर्षं पश्चिमेकडे सरकत आलं आहे. म्हणजे ज्याला आपण ‘धूप’ म्हणतो ती बेटाची जिवंत राहायची रीत आहे. या सरकत्या बेटावर न सरकणारा मनोरा बांधला, तिथून ही सगळी गोष्ट सुरू होते.

बांधणाऱ्यांनी जागा वेड्यासारखी निवडली नव्हती. या भूशिरापुढे डायमंड शोल्स नावाचे वाळूचे दांडे समुद्रात मैलोन्मैल गेलेले आहेत आणि प्रत्येक वादळानंतर ते जागा बदलतात. बाहेरून गल्फ स्ट्रीमचा जोरदार प्रवाह उत्तरेकडे वाहतो. शिडाच्या जहाजाला दक्षिणेकडे जायचं असेल तर त्या प्रवाहाला टाळायला किनाऱ्याजवळून जावं लागे, आणि किनाऱ्याजवळ हे दांडे. ‘अटलांटिकची स्मशानभूमी’ हे नाव या पट्ट्याला पडलं ते यामुळे. म्हणून अमेरिकेच्या संसदेने १७९४ मध्येच इथे दिव्याला मंजुरी दिली. पहिला दीपस्तंभ १८०३ मध्ये पेटला. वालुकाश्माचा, ९० फूट उंच, देवमाशाच्या तेलाचे दिवे. उजेड इतका मंद की दांडे चुकवण्याइतक्या अंतरावरून तो दिसतच नाही, अशी खलाशांची तक्रार वर्षानुवर्षं चालू राहिली. अखेर १८५४ पर्यंत त्याची उंची १५० फूट केली आणि पहिल्या श्रेणीचं फ्रेनेल भिंग, म्हणजे दिव्याचा उजेड एकवटून लांब फेकणारं कड्याकड्यांचं मोठं भिंग, बसवलं. १८६१ मध्ये यादवी युद्धात दक्षिणेकडच्या राज्यांच्या पक्षाने ते भिंग काढून नेलं. युद्धानंतर जुन्या मनोऱ्याच्या डागडुजीपेक्षा नवा बांधणंच बरं असं ठरलं.

हा नवा म्हणजे आजचा मनोरा. बांधकाम १८६८ ते १८७०, कामावरचा प्रमुख डेक्स्टर स्टेट्सन. पहिल्यांदा दिवा लागला १६ डिसेंबर १८७० रोजी. सुमारे २०० फूट उंची, साडेबारा लाखांच्या आसपास विटा. अमेरिकेतला सर्वांत उंच विटांचा दीपस्तंभ. काळेपांढरे पिळाचे पट्टे १८७३ मध्ये रंगवले, दिवसा लांबून ओळखू यावा म्हणून. पण एखाद्या बांधकाम करणाऱ्याने या मनोऱ्यात पाहावी अशी गोष्ट जमिनीखाली आहे.

वाळूत खड्डा खणला की थोड्याच फुटांवर पाणी लागतं. स्टेट्सनने खड्ड्याभोवती आडोसा करून पाणी उपसलं आणि पाण्याच्या पातळीच्या खाली पिवळ्या पाइनच्या ६ × १२ इंची तुळयांचे दोन थर एकमेकांना आडवे घातले. खोल खुंट ठोकलेच नाहीत. त्या लाकडी तराफ्यावर ग्रॅनाइटचे ठोकळे, त्यावर अष्टकोनी जोतं, आणि त्यावर मनोरा. नंतर पाणी पुन्हा वर येऊ दिलं. आता लाकूड कायम पाण्यात बुडालेलं. कुजायला बुरशी लागते आणि बुरशीला हवा लागते. पाण्याखाली वाळूत गाडलेल्या लाकडाला हवा मिळत नाही, त्यामुळे ते शतकभर शाबूत राहतं. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं असं झालं की मात्र तेच लाकूड काही वर्षांत पोखरलं जातं. आपल्याकडेही जुन्या विहिरींचं बांधकाम पाण्यातल्या लाकडी चकतीवर, निमचकावर, उभं केलेलं असतं, तत्त्व तेच.

हे पाणी गोडं आहे, हेही महत्त्वाचं. वाळूच्या बेटाखाली पावसाच्या पाण्याचा भिंगाच्या आकाराचा साठा खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. ढोबळ हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या १ फूट वर असेल, तर खाली साधारण ४० फुटांपर्यंत गोडं पाणी असतं. बेट रुंद असेल तर हा साठा जाड, बेट अरुंद झालं की पातळ.

म्हणजे मनोरा तीन गोष्टींवर उभा होता: लाकडाभोवतीची घट्ट वाळू, त्या वाळूतलं कायमचं पाणी, आणि या दोन्हींना धरून ठेवणारी आजूबाजूची जमीन. लाट भिंतीवर आदळून हा मनोरा पडला नसता, तेवढा तो भक्कम होता. पण लाटेने पायाशेजारची वाळू ओढून नेली की तराफ्याची एक कड उघडी पडते, त्या बाजूचा आधार जातो आणि सुमारे ४,४०० मेट्रिक टनांचा मनोरा तिकडे कलतो. विटेचं बांधकाम दाब सोसतं, ताण सोसत नाही. कल वाढला की दुसऱ्या कडेला ताण येतो आणि सांधे उघडतात. त्यानंतर पडायला फार वेळ लागत नाही.

आता समुद्र किती वेगाने आला ते पाहा. १८७० मध्ये पाणी सुमारे १,५०० फूट दूर होतं. १९१९ पर्यंत ३०० फुटांवर. म्हणजे ४९ वर्षांत १,२०० फूट, वर्षाला जवळजवळ २५ फूट. १९३५ पर्यंत लाटा १०० फुटांवर आल्या. तोपर्यंत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलादी पत्र्यांचे ग्रॉइन, म्हणजे वाळू अडवणाऱ्या आडव्या भिंती, समुद्रात ठोकून झाले होते. तरी १९३६ मध्ये मनोरा सोडून दिला आणि दिवा मागच्या बक्स्टन गावाच्या रानात एका पोलादी सांगाड्यावर हलवला. त्याच दशकात बेरोजगारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून किनाऱ्यावर मैलोन्मैल काटक्याकुटक्यांची कुंपणं उभारून, गवत लावून वाळूच्या टेकड्या उभ्या केल्या गेल्या. वाळू थोडी साठली, पाणी मागे हटलं, आणि २३ जानेवारी १९५० रोजी दिवा पुन्हा मनोऱ्यात आला. मधल्या काळात रिकाम्या मनोऱ्यातलं मूळ फ्रेनेल भिंग लोकांनी तोडूनफोडून नेलं होतं. त्याचे उरलेले भाग आता हॅटरस गावातल्या संग्रहालयात आहेत.

त्या टेकड्यांनी काम केलं हे खरं, पण त्यांची किंमतही मोजावी लागली. टेकडीची सलग भिंत झाली की वादळाचं पाणी बेटावरून पलीकडे जात नाही, म्हणून खाडीकडची कड भरत नाही. समोरून झीज चालूच. बेट मागे सरकायचं थांबतं आणि नुसतं अरुंद होत जातं. जे वाचवायला निघालो तेच पातळ करत बसलो, हे कळायला पुढची काही दशकं गेली.

साठनंतरचे उपाय सविस्तर सांगतो, कारण ‘आधी बाकीचं करून पाहायला हवं होतं’ हा आक्षेप अजून ऐकू येतो. बाकीचं सगळं करून झालं होतं. १९६६ मध्ये किनाऱ्यावर ३,१२,००० घनयार्ड वाळू टाकली. १९६७ मध्ये मनोऱ्यापुढे नायलॉनच्या वाळूभरल्या पिशव्या रचल्या. १९६९ मध्ये अमेरिकी नौदलाने शेजारच्या आपल्या तळासाठी काँक्रीटचे तीन ग्रॉइन बांधले. १९७१ मध्ये आणखी २ लाख घनयार्ड वाळू, १९७३ मध्ये साडेबारा लाख घनयार्ड, म्हणजे साधारण साडेनऊ लाख घनमीटर. पुढे ऐंशीच्या दशकात वाळू अडवण्यासाठी समुद्रतळाशी कृत्रिम शेवाळाचे पट्टेसुद्धा टाकून पाहिले.

टाकलेली वाळू का टिकत नाही? एक तर तिचा दाणा. किनाऱ्याच्या मूळ वाळूइतका किंवा तिच्याहून जाडा दाणा असेल तरच ती उतारावर बसते. खाडीतून उपसलेली वाळू सहसा बारीक असते; लाट तिला पहिल्याच हिवाळ्यात उचलून खोल पाण्यात नेते. दुसरं म्हणजे मूळ कारण जागेवरच राहतं. वाळू भरणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी ओतणं. गळतीचा दर माहीत असेल आणि दर काही वर्षांनी पैसे असतील तर तो उपाय चालतो, एरवी नाही.

ग्रॉइनचं गणित आणखी अवघड. ग्रॉइन म्हणजे किनाऱ्याला काटकोनात पाण्यात घुसवलेली भिंत. लाटा तिरक्या येतात, त्यामुळे वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने वाहत असते. हॅटरसच्या या भागात तिचा निव्वळ प्रवाह दक्षिणेकडे आहे. ग्रॉइन ही वाळू अडवतो, तेव्हा उत्तरेकडे पुळण रुंद होते. पण वाळू नवी तयार होत नाही, ती फक्त अडते. अडलेली तेवढी दक्षिणेकडच्या शेजाऱ्याच्या वाट्याची गेली. दीपस्तंभ सर्वांत दक्षिणेकडच्या ग्रॉइनजवळ होता. ग्रॉइनने थोडा आसरा दिला, पण त्याच्या लगेच पलीकडे समुद्र आत घुसून किनाऱ्याला खाच पडू लागली, आणि ती खाच मनोऱ्याच्या मागच्या अंगाला वळायला लागली. ग्रॉइन जमिनीच्या बाजूने सुटला असता तर पाणी समोरून आणि बाजूने असं दोन्हीकडून आलं असतं. १९८० च्या मार्चमधल्या वादळाने १८०३ च्या पहिल्या दीपस्तंभाचे उरलेसुरले अवशेष धुऊन नेले. ते नव्या मनोऱ्यापासून जेमतेम ६०० फुटांवर होते.

मग बंधाऱ्याची गोष्ट आली. ऐंशीच्या दशकात मनोऱ्याभोवती चारी बाजूंनी काँक्रीट-दगडाचा कोट घालायची योजना खरोखरच तयार झाली होती. तो पडला नसता असं धरून चालू. तरी काय झालं असतं? बंधाऱ्यावर आदळलेली लाट परतताना पायथ्याची वाळू घेऊन जाते, म्हणून समोरची पुळण आधी नाहीशी होते. दोन्ही बाजूंचा उघडा किनारा आपल्या वेगाने मागे जातच राहतो, म्हणून बंधाऱ्याची टोकं उघडी पडतात आणि तो आणखी आणखी वळवून शेवटी पूर्ण वर्तुळ करावं लागतं. काही दशकांनी दीपस्तंभ समुद्रातल्या एका हौदात उभा. आणि तेव्हा पायाखाली? भोवतीची जमीन गेल्यावर गोड्या पाण्याचा साठा जातो, त्याजागी खारं पाणी येतं, भरती-ओहोटीबरोबर पातळी खालीवर होते. लाकूड उघडं पडलं तर समुद्रातले लाकूड पोखरणारे जीवही पोचतात. कोट शाबूत आणि आतला पाया खलास, अशी गत झाली असती.

‘पण काही दीपस्तंभ पाण्यात उभे आहेत की!’ आहेत. साउथ कॅरोलायनातला मॉरिस आयलंडचा १८७६ चा दीपस्तंभ आज चहूबाजूंनी पाण्यात आहे. चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेल्या लांब भिंतींनी वाळूचा प्रवाह तोडला आणि त्याचं बेट वाहून गेलं. तो उभा राहिला कारण त्याच्याखाली चिखलात सुमारे ५० फूट खोल ठोकलेले खुंट आहेत. तरीही तो कलला आहे आणि त्याच्या पायाभोवती नंतर पोलादी कडं घालावं लागलं. हॅटरसच्या उथळ तराफ्याला तेवढीही संधी मिळाली नसती. हे दोन पाये शेजारी ठेवून पाहिले की निर्णय माझ्या मते वादाचा उरत नाही.

राष्ट्रीय उद्यान विभागाने अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीला सल्ला विचारला. १९८८ चा अहवाल: मनोरा मागे न्या. १९८९ मध्ये विभागाने ते मान्य केलं, पण पैसे नव्हते, आणि जवळजवळ दशक वाया गेलं. १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी फेरतपासणी करून तेच सांगितलं. १९९८ मध्ये संसदेने निधी दिला. एकूण खर्च १ कोटी २० लाख डॉलरच्या आसपास गेला. स्थानिक विरोध मोठा होता, प्रकरण न्यायालयात गेलं आणि फेटाळलं गेलं. विरोध करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. सव्वाशे वर्षांचा विटांचा मनोरा उचलताना मोडेल ही भीती अवास्तव नव्हती, आणि त्यांच्या दृष्टीने तो मोडला असता तर सगळंच संपलं असतं.

आता ‘कसा’ याकडे. कंत्राट होतं बफेलो शहरातल्या इंटरनॅशनल चिमनी कॉर्पोरेशनकडे, सोबत घरं हलवणारी एक्स्पर्ट हाउस मूव्हर्स. पहिल्या कंपनीने १९९३ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या ब्लॉक आयलंडचा साउथईस्ट दीपस्तंभ कड्यापासून मागे नेला होता, त्यामुळे हात बसलेला होता.

सर्वांत धोक्याचं काम चालवण्याचं नव्हतं, पाया बदलण्याचं होतं. भोवती खोदून आधी ग्रॅनाइट उघडा केला. मग तो एकदम न काढता टप्प्याटप्प्याने कापला: हिरेजडित तारेच्या करवतीने चिरायचं, हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, यंत्राने फोडून ठोकळा सुटा करायचा, बाहेर काढायचा, आणि त्या पोकळीत लगेच धिरे (टेकू) द्यायचे. जुन्या लाकडी तराफ्याच्या वर पोलादी तुळयांची चटई घातली आणि त्यावर हे तात्पुरते धिरे उभे केले. म्हणजे स्टेट्सनच्या लाकडाने शेवटचं ओझंही वाहिलं. थोडं कापा, थोडं टेका, पुढे सरका, असं करत मनोऱ्याचं वजन दगडावरून पोलादावर आलं. इथे घाई केली तर काय होतं? दोन धिऱ्यांमधलं अंतर वाढतं, वरच्या विटकामाला तेवढ्या जागेत कमानीसारखं वजन पेलावं लागतं, आणि विटांच्या खालच्या थरांत उभी चीर जाते. ही चीर एकदा गेली की वर चढत राहते.

धिऱ्यांच्या रांगांमधून मुख्य पोलादी तुळया आत सारल्या, त्यांच्यावर आडव्या तुळया, आणि या चौकटीतच १०० हायड्रॉलिक जॅक बसवले. सरासरी काढली तर एकेका जॅकवर ४४ टनांच्या आसपास. जॅकमध्ये दाब भरून वजन हळूहळू धिऱ्यांवरून चौकटीवर घेतलं, धिरे काढले, आणि मनोरा सुमारे ६ फूट वर उचलला. एवढी उंची हवी कारण खाली रूळ, रोलर आणि त्यांची दुरुस्ती करायला माणसं शिरायला जागा लागते.

या जॅकची मांडणी नीट समजून घ्या, सगळी करामत तिथे आहे. शंभर जॅक शंभर स्वतंत्र पाय म्हणून ठेवले असते तर जमीन कुठे अर्धा इंच दबली की तिथल्या जॅकवरचं ओझं शून्य आणि शेजारच्यावर दुप्पट. चौकट पिळली जाते आणि पीळ विटकामात जातो. म्हणून जॅक तीन गटांत जोडले. एका गटातल्या सगळ्या जॅकचं तेल एकमेकांशी जोडलेलं, त्यामुळे दाब सारखा. एखाद्याखाली जमीन खचली तर तो जॅक आपोआप लांबतो, दुसरा तेवढा आखडतो, ओझं तेच राहतं. आणि गट तीनच का? तीन पायांची तिवई कशाही जमिनीवर डगमगत नाही. चौथा पाय आला की डगमगणं आलं. तीन गट म्हणजे तीन मोठे पाय. मनोरा ओळंब्यातून किंचित हलला तर त्या बाजूच्या गटात तेल वाढवायचं, तो पुन्हा सरळ.

वाटही तयार करावी लागली. मऊ वाळू ठासून, खडी घालून घट्ट केली, त्यावर पोलादी चटया आणि चटयांवर रुळाच्या तुळया. चौकट रोलरवर, रोलर रुळावर. मागे पाच हायड्रॉलिक ढकल-जॅक रुळाला शिकंज्याने पकडलेले. ते ५ फूट ढकलायचे, शिकंजा सोडायचे, स्वतःला पुढे ओढायचे, पुन्हा पकडायचे. २,९०० फुटांना निदान ५८० वेळा. मागून मोकळ्या झालेल्या चटया आणि रूळ उचलून पुढे आणून टाकायचे. घर्षण कमी करायला रुळांवर साध्या साबणाच्या वड्या घासत.

मनोऱ्यावर ६० संवेदक होते. वजन कुठे किती, कल किती, कंप किती आणि मनोऱ्याचा व्यास कुठे फुगतोय का, हे सतत दिसत होतं. व्यास मोजण्याचं कारण असं की उभ्या दाबाने विटांचा नळा आधी बाहेरच्या बाजूला फुगतो, चीर डोळ्यांना नंतर दिसते. माथ्यावर वारा आणि तापमान मोजणारं केंद्र होतं. तापमान कशाला, असं वाटेल. पण एका अंगाला ऊन लागलं की ती बाजू प्रसरण पावते आणि २०० फुटी मनोरा सावलीकडे किंचित झुकतो. हे माहीत नसेल तर जॅकवाला नसलेला कल दुरुस्त करायला जाईल आणि खरा कल निर्माण करेल.

१७ जून १९९९ ला चाल सुरू झाली, ९ जुलैला संपली. २३ दिवस, दिवसाला सरासरी १२६ फूट. दिशा नैर्ऋत्य. २,९०० फूट चालूनही समुद्रापासूनचं अंतर १२० वरून १,६०० झालं, म्हणजे प्रत्यक्ष मिळाले १,४८० फूट. सरळ मागे न जाता तिरकं जायचं कारण भूशिराला दोन किनारे आहेत, एक पूर्वेकडे तोंड असलेला, एक दक्षिणेकडे. दोन्हींपासून दूर राहायचं होतं. हंगामही जाणून निवडलेला. चक्रीवादळांचा जोर ऑगस्टच्या मध्यापासून वाढतो, त्याआधी मनोरा रुळावरून उतरायलाच हवा होता.

नवा पाया आधीच तयार होता: ६० × ६० फुटांचा, ४ फूट जाड, सळईचा काँक्रीट स्लॅब. मनोऱ्याचं वजन त्यावर पसरलं की चौरस मीटरला १३ टनांच्या आसपास येतं, जे घट्ट वाळू आरामात पेलते. स्लॅब आणि मनोऱ्याचा तळ यांच्यामध्ये दगड-विटांचं बांधकाम भरत आणलं आणि वजन तिकडे गेलं तसतशा पोलादी तुळया काढल्या. हे पुन्हा पहिल्या टप्प्याचंच काम, उलट्या क्रमाने आणि तितक्याच सावकाशीने. दीपरक्षकांची दोन्ही घरं, पाण्याच्या टाक्या आणि तेलाची कोठी आधीच नेऊन ठेवली होती, मनोऱ्याशी त्यांची मूळची दिशा, अंतर आणि उंची तशीच राखून.

ऑगस्टच्या शेवटी डेनिस चक्रीवादळ हॅटरससमोर कित्येक दिवस रेंगाळलं, पाठोपाठ सप्टेंबरात फ्लॉइड. मनोरा तोवर दोन महिने मागे बसलेला होता. १३ नोव्हेंबर १९९९ रोजी दिवा पुन्हा लागला.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट, कारण हे वाचून कुणी प्रत्येक धोक्यातल्या इमारतीला हाच उपाय सुचवेल. मागे नेणं तेव्हाच जमतं जेव्हा मागे जमीन असते, ती एकाच मालकाची असते, वाट सपाट असते आणि वास्तू एकसंध असते. हॅटरसला मागे राष्ट्रीय उद्यानाचीच मोकळी सपाट जमीन होती. डेन्मार्कमध्ये रुबियर्ग क्नूडचा २३ मीटरचा दीपस्तंभ २२ ऑक्टोबर २०१९ रोजी एका दिवसात ७० मीटर मागे नेला. तोही लहान आणि हलका म्हणून. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ऑर्फर्डनेसचा १७९२ चा दीपस्तंभ मात्र गोट्यांच्या पुळणीवर होता. २०१३ मध्ये दिवा बंद केला आणि २०२० मध्ये तो पाडून टाकला. आणि मागे नेण्याच्या उपायालाही मुदत असते. १,६०० फुटांनी हॅटरसला साधारण शंभर वर्षं मिळाली असा अंदाज होता. तोवर समुद्र पुन्हा येईल, फक्त आता उचलायची पद्धत माहीत आहे.

बक्स्टनचा किनारा अजून मागे सरकतोच आहे. २०२५ च्या सप्टेंबरअखेर तिथली समुद्रालगतची अनेक रिकामी घरं लाटांत कोसळली. जुन्या जागी पायाचे ग्रॅनाइट ठोकळे वर्तुळात मांडून त्यांवर दीपरक्षकांची नावं कोरली होती. वाळू त्यांना गाडत राहिली आणि लाटा त्यांच्यापर्यंत येत राहिल्या. २०१५ मध्ये ते ठोकळेही उचलून मनोऱ्याजवळ आणले.